मजकूर-जोडणी, जावा आज्ञावल्यांतील

मजकुराचे अनेक तुकडे एकापुढे एक ठेवून त्यांपासून एकच सलग मजकूर तयार करण्याची क्रिया. संगणकाच्या आज्ञावल्यांत ही क्रिया इतकी सामान्य आहे, की तिच्याकडे स्वतंत्र विषय म्हणून सहसा पाहिले जात नाही. बँकेच्या खातेदाराला पाठवावयाचे मासिक विवरण, विमापत्राच्या नूतनीकरणाची सूचना, मोटार कारखान्याला लागणाऱ्या सुट्या भागांची यादी, मतदारांची यादी किंवा एखाद्या ग्रंथाची संगणकीय प्रत यांपैकी काहीही घेतले, तरी ते अखेर नाव, पत्ता, दिनांक, रक्कम, विरामचिन्हे इ. तुकडे जोडूनच सिद्ध होते. तुकडे थोडे असतील तोवर ते कसे जोडले याला महत्त्व नसते. त्यांची संख्या लाखांच्या घरात गेली, म्हणजे मात्र तेच काम एका पद्धतीने क्षणार्धात पुरे होते, तर दुसऱ्या पद्धतीने त्याला तास-दीड तास लागतो. प्रसंगी स्मृती अपुरी पडून आज्ञावली मध्येच बंद पडते. या तफावतीचे मूळ जावा भाषेने मजकुराला दिलेल्या स्वरूपात आहे.

हिंजवडी व जावा : पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे गाव पिंपरी-चिंचवड महानगराला लागून आहे. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी औषधनिर्मितीचा कारखाना निघाला. त्यानंतरच्या दशकांत पिंपरी, आकुर्डी, चिंचवड, भोसरी व पुढे चाकण येथे मोटारी, दुचाकी वाहने, यंत्रे आणि सुटे भाग यांचे कारखाने वाढत गेले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने विसाव्या शतकाच्या अखेरीस हिंजवडी येथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क ही वसाहत उभारण्यास प्रारंभ केला आणि टप्प्याटप्प्याने ती माण व मारुंजी या शेजारच्या गावांच्या बाजूस विस्तारली. इन्फोसिस, विप्रो, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, केपीआयटी आदी कंपन्यांची कार्यालये येथे आहेत. या पट्ट्याच्या जुन्या भागात धातू कापला व जोडला जातो. हिंजवडीत कापला व जोडला जातो तो बहुतांशी मजकूर. बँका, विमा कंपन्या, कारखाने, शासकीय खाती यांच्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या मोठ्या आज्ञावल्यांसाठी जावा ही गेल्या पाव शतकातील एक प्रमुख भाषा असल्याने प्रस्तुत विषयाचा येथील कामाशी रोजचा संबंध येतो. धातूकामात वाया गेलेला कीस यंत्राखाली साचतो व डोळ्यांना दिसतो. मजकूर जोडताना वाया गेलेली नक्कल कोणालाच दिसत नाही, हा या दोन उद्योगांतील लक्षात ठेवण्याजोगा फरक आहे.

जावा भाषेचा उगम अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत १९९१ मध्ये सुरू झालेल्या एका प्रकल्पात आहे. जेम्स गॉसलिंग हे तिचे मुख्य रचनाकार होत. प्रारंभी तिचे नाव ‘ओक’ असे होते. १९९५ मध्ये ती ‘जावा’ या नावाने जाहीर करण्यात आली व १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती वापरासाठी उपलब्ध झाली. २०१० मध्ये सन ही कंपनी ओरॅकल कंपनीने विकत घेतली. एकदा लिहिलेली आज्ञावली निरनिराळ्या बनावटींच्या संगणकांवर चालावी आणि स्मृतीची व्यवस्था आज्ञावली लिहिणाऱ्याने न पाहता यंत्रणेनेच पाहावी, ही या भाषेची दोन मुख्य धोरणे होती. यांतील दुसऱ्या धोरणामुळे लेखकाचे श्रम वाचले. परंतु आपण लिहिलेल्या एका ओळीमागे स्मृतीत किती उलाढाल होते, हेही त्याच्या नजरेआड झाले.

अपरिवर्तनीय स्ट्रिंग : जावामध्ये मजकुराच्या घटकाला ‘स्ट्रिंग’ म्हणतात. एकदा तयार झालेली स्ट्रिंग पुढे कधीही बदलता येत नाही. तिच्यात एक वर्ण घालता येत नाही की काढता येत नाही. (वर्ण हा शब्द येथे संगणक ज्याला एक चिन्ह म्हणून मोजतो त्या अर्थाने वापरला आहे.) ही मर्यादा हेतुपुरस्सर घातलेली आहे. मजकूर बदलणारच नसेल, तर तो आज्ञावलीच्या अनेक भागांना एकाच वेळी निर्धास्तपणे वापरू देता येतो. कोष्टकात शोधाचा शब्द म्हणून ठेवला, तर तो मागाहून बदलून नोंद हरवण्याची भीती राहत नाही. आणि एखाद्या फाइलीचे नाव तपासून घेतल्यानंतर ती उघडण्यापूर्वी कोणी ते परस्पर पालटील, ही शक्यताही उरत नाही. या सोयींची किंमत जोडणीच्या वेळी द्यावी लागते. दोन स्ट्रिंगा जोडावयाच्या, म्हणजे पहिलीच्या शेपटाला दुसरी लावावयाची असे नव्हे, तर दोहोंना पुरेल एवढी नवी जागा घेऊन तीत आधी पहिलीची व मग दुसरीची नक्कल करावयाची. जुन्या दोन्ही जागच्या जागी राहतात व त्यांची गरज संपल्यावर यंत्रणा सवडीने त्यांची विल्हेवाट लावते.

सी या जुन्या भाषेत ही अडचण वेगळ्या रूपाने येते. तेथे मजकुराचा शेवट शून्य या खुणेने दाखवितात. त्यामुळे पुढे काही जोडावयाचे झाल्यास आधी आरंभापासून चालत जाऊन ती खूण शोधावी लागते. मजकूर जितका लांब तितकी ही चाल लांब. तेव्हा वारंवार जोडणी महाग पडणे हा काही केवळ जावाचाच दोष नव्हे. जावात तो अधिक सोप्या लेखनाच्या आड दडलेला असतो, इतकेच.

ही लेखनाची सोय म्हणजे बेरजेचे चिन्ह. जावात लेखकाला चिन्हांना आपले नवे अर्थ देता येत नाहीत. परंतु मजकूर जोडण्यासाठी अधिक चिन्ह वापरण्याची मुभा भाषेनेच दिली आहे. त्यातून काही गमतीही उद्‌भवतात. एक अधिक दोन व त्यांपुढे ‘रुपये’ हा मजकूर, असे लिहिले तर ‘३ रुपये’ असे उत्तर मिळते. ‘रुपये’ आधी लिहून पुढे अधिक एक, अधिक दोन लिहिले तर ‘रुपये १२’ असे होते. कारण जोडणी डावीकडून उजवीकडे होत जाते व एकदा मजकूर आला, की पुढच्या संख्याही मजकूरच ठरतात. एखाद्या रकान्यात काहीच नसेल, तर ‘नल’ हा चार रोमन अक्षरांचा शब्द मजकुरात जसाच्या तसा उतरतो. खातेदाराच्या मधल्या नावाच्या जागी तो छापला जाण्याचे प्रकार या व्यवसायात सर्वांच्या परिचयाचे आहेत.

नक्कल करण्याचे गणित : समजा, एखाद्या कचेरीत असा नियम आहे, की नोंदवहीत खाडाखोड वा भर घालावयाची नाही, नवी नोंद आली, की कारकुनाने कोरी वही घेऊन मागील सर्व नोंदी तीत उतरवून घ्याव्यात, शेवटी नवी नोंद लिहावी व जुनी वही रद्दीत टाकावी. पहिल्या दिवशी या नियमाचा जाच होणार नाही. हजाराव्या नोंदीला मात्र ९९९ जुन्या नोंदी पुन्हा लिहाव्या लागतील. आवर्तनाच्या, म्हणजे तीच आज्ञा पुन्हा पुन्हा पार पाडणाऱ्या लूपच्या, प्रत्येक फेरीत अधिक चिन्हाने मजकूर वाढवीत नेणारी जावा आज्ञावली नेमके हेच करीत असते.

प्रत्येक ओळ ५० वर्णांची आहे असे धरले, तर १,००० ओळी अशा रीतीने जोडताना एकूण सुमारे अडीच कोटी वर्णांची नक्कल होते. ओळी शंभरपट म्हणजे १ लाख झाल्या, की नक्कल शंभरपट न वाढता दहा हजारपट वाढून २५,००० कोटी वर्णांवर जाते. १० लाख ओळींसाठी ती २५ लाख कोटी वर्णांची होते. तुकड्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात श्रम वाढतात, असा हा नियम आहे. एका वर्णाला दोन बाइट जागा लागते व संगणक सेकंदाला १,००० कोटी बाइटांची नक्कल करतो असे मानल्यास पहिल्या कामाला सेकंदाचा दोनशेवा भाग, दुसऱ्याला ५० सेकंद आणि तिसऱ्याला सुमारे ८३ मिनिटे लागतील. हा हिशोब केवळ नकलेचा झाला. टाकून दिलेल्या वह्यांची रद्दी उचलण्याचा खर्च त्यात धरलेला नाही. दहा लाखांच्या उदाहरणात शेवटीशेवटी प्रत्येक फेरीला सुमारे १० कोटी बाइटांची एक वही रद्दीत पडत असते. ही सफाई करताना काही काळ आज्ञावलीचे मूळ काम थांबवावे लागत असल्याने प्रत्यक्ष वेळ याहून बराच वाढतो.

या आकड्यांवरून हा दोष वेळीच का सापडत नाही तेही कळते. आज्ञावली लिहिणारा ती नमुन्याच्या शे-पाचशे किंवा हजार नोंदींवर तपासून पाहतो. तेथे दोन्ही पद्धतींतील फरक माणसाला जाणवण्याइतका नसतो. उत्तर तर दोहोंचे अगदी सारखे येते. आज्ञावली पुढे प्रत्यक्ष वापरात जाते व ग्राहकांची संख्या वर्षानुवर्षे वाढत राहते. बँका व कारखाने यांची विवरणे, याद्या इ. मोठी कामे पुष्कळदा रात्री एकामागून एक ओळीने लावलेली असतात. त्यांतील एक तासभर रेंगाळले, की मागची सर्व खोळंबतात आणि सकाळी कचेरी उघडण्याच्या वेळी विवरणे तयार नसतात. अशा वेळी अधिक शक्तिमान संगणक घेण्याचा उपाय सुचविला जातो. दुप्पट वेगाच्या संगणकाने काम निम्म्या वेळात होते हे खरे. पण नोंदी दीडपटीहून किंचित कमी वाढल्या, की ते पुन्हा पहिल्याइतकेच लांबते.

कंपायलर हा भाषांतरक ही चूक आपोआप सुधारील अशी एक समजूत आढळते. ती अर्धीच खरी आहे. एकाच विधानात पाच-सहा तुकडे अधिक चिन्हांनी जोडलेले असतील, तर ते सर्व एकदम जोडण्याची व्यवस्था यंत्रणा करते. २०१७ सालच्या नवव्या आवृत्तीपासून तर ही जोडणी कशी करावयाची ते आज्ञावली चालू असताना ठरते व एकूण लांबी आधी काढून जागा एकदाच घेतली जाते. म्हणून एका विधानातील अधिक चिन्हे टाळण्याचा अट्टाहास निरर्थक आहे. त्याने आज्ञावली वाचावयास कठीण होते व लाभ काहीच होत नाही. आवर्तनाच्या बाबतीत मात्र प्रत्येक फेरी हे नवे विधान ठरते व दर फेरीला नवी वही घेतलीच जाते.

बिल्डरचा वापर : यावरील रूढ उपाय म्हणजे मजकूर तयार होत असेतोवर तो बदलता येण्याजोग्या रूपात ठेवणे. त्यासाठी जावात प्रारंभापासून ‘स्ट्रिंगबफर’ हा प्रकार होता व २००४ मधील पाचव्या आवृत्तीत ‘स्ट्रिंगबिल्डर’ हा त्याचा हलका भाऊ आला. दोहोंचे काम एकच. फरक इतकाच, की स्ट्रिंगबफर अनेक कार्यसूत्रांनी एकाच वेळी वापरला तरी बिघडू नये म्हणून प्रत्येक क्रियेच्या आधी कुलूप लावतो व नंतर काढतो. स्ट्रिंगबिल्डर ते करीत नाही. अनेक हातांनी एकाच मजकुरात वाटेल त्या क्रमाने तुकडे घालणे हे मुळातच क्वचित उपयोगाचे असल्याने नव्या आज्ञावल्यांत स्ट्रिंगबिल्डर वापरणेच योग्य होय.

बिल्डर म्हणजे पुढे कोरी पाने शिल्लक असलेली वही. नवा तुकडा आला, की तो रिकाम्या जागेत लिहिला जातो व मागील मजकुराला हात लागत नाही. जागा संपली, की मात्र मोठी जागा घेऊन सर्व मजकूर तीत हलवावा लागतो. येथे नवी जागा किती घ्यावी हा प्रश्न कळीचा आहे. दर वेळी ठराविक, समजा शंभर, कप्पे वाढविले तर वर्गाच्या प्रमाणातील वाढ पुन्हा मागल्या दाराने आत येते. म्हणून बिल्डर आपली जागा जवळजवळ दुप्पट करतो : आरंभी १६ वर्णांची जागा असते आणि एकेक वर्ण घालीत गेल्यास ती ३४, ७०, १४२, २८६ अशी, म्हणजे दर वेळी दुप्पट अधिक दोन, वाढते. या रीतीने ५ कोटी वर्णांचा मजकूर जमेपर्यंत अवघ्या वीस-बावीस वेळा हलवाहलव होते. सर्व हलवाहलवींची बेरीज अखेरच्या मजकुराच्या दुपटीपेक्षा कमी भरते. तुकडे लिहिण्याची व शेवटी त्यांची स्ट्रिंग करण्याची नक्कल मिळविली, तरी एकूण श्रम मजकुराच्या चौपटीच्या आत राहतात. वरील दहा लाख ओळींचे काम त्याच गृहीतावर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात होते.

मजकूर किती होणार याचा अंदाज असल्यास बिल्डरला आरंभीच तेवढी जागा सांगता येते व सर्वच हलवाहलव वाचते. याचा वेळेपेक्षाही स्मृतीच्या दृष्टीने अधिक फायदा होतो. कारण हलविण्याच्या क्षणी जुनी व नवी अशा दोन्ही जागा अडलेल्या असतात आणि अखेरच्या रूपांतराच्या वेळी बिल्डर व स्ट्रिंग दोन्ही शेजारीशेजारी असतात. अंदाज न देता वाढू दिलेला बिल्डर अशा वेळी मजकुराच्या तिपटीपर्यंत जागा अडवू शकतो. उलट, प्रत्येक लहानशा मजकुरासाठी उगाच मोठा अंदाज देणे म्हणजे एका ओळीच्या निरोपासाठी दोनशे पानी वही घेण्यासारखे आहे.

बिल्डर वापरूनही त्याचा लाभ घालविता येतो. दर फेरीला त्याची स्ट्रिंग करून लांबी पाहणे (लांबी बिल्डरलाच विचारता येते), किंवा नवा तुकडा शेवटी न जोडता आरंभी घुसविणे, यांत संपूर्ण मजकुराची नक्कल वा सरकवासरकव होते व वर्गाचा नियम पुन्हा लागू होतो. तुकड्यांमध्ये स्वल्पविराम वा तत्सम खूण घालावयाची असेल, तर शेवटची खूण जास्तीची उरते व ती खोडण्याची नाना तऱ्हेची कसरत जुन्या आज्ञावल्यांत दिसते. २०१४ मधील आठव्या आवृत्तीत यासाठी ‘जॉइन’ ही क्रिया व ‘स्ट्रिंगजॉइनर’ हा प्रकार आला. तुकड्यांची यादी हाती असेल तेव्हा तोच सर्वांत सरळ मार्ग आहे.

मजकूर साठवू नये अशी स्थिती : प्रस्तुत विषयावरील चर्चा पुष्कळदा बिल्डरपाशी येऊन थांबते. वस्तुतः मोठ्या मजकुराच्या बाबतीत पहिला प्रश्न वेगळाच असावयास हवा : हा मजकूर एकाच जागी अखंड असण्याची गरज कोणाला आहे? तो जर शेवटी फाइलीत लिहिला जाणार असेल, छपाईयंत्राकडे जाणार असेल किंवा तारेवरून दुसऱ्या संगणकाकडे पाठविला जाणार असेल, तर आधी सगळा गोळा करून मग देण्यात काही हशील नाही. तुकडा तयार झाला, की तो पुढे धाडावा. यासाठी जावात ‘रायटर’ नावाचे प्रकार आहेत. एकेका तुकड्यासाठी तबकडीपर्यंत खेप घालणे महाग असल्यामुळे मध्ये एक लहान साठा ठेवतात. तो सामान्यतः ८,१९२ वर्णांचा असतो व भरला की एकदम रिता केला जातो. या पद्धतीत दहा लाख ओळी असोत की दहा कोटी, स्मृती तेवढीच लागते. बिल्डरमध्ये मात्र मजकूर जितका तितकी स्मृती हवी, आणि ती उपलब्ध मर्यादेपलीकडे गेली तर रात्रभर केलेले सर्व काम एका क्षणात वाया जाते. बिल्डरने वेळेचा प्रश्न सुटतो, स्मृतीचा नाही. हे न ओळखल्यामुळे सुधारलेली आज्ञावलीही वर्ष-दोन वर्षांनी बंद पडलेली आढळते.

संपूर्ण मजकूर स्मृतीत हवा आणि त्याच्या मध्यभागी वरचेवर फेरफारही करावयाचे, अशी निकड मोठ्या ग्रंथाच्या संपादनात येते. हान्स बोम, रस आटकिन्सन व मायकेल प्लास यांनी १९९५ मध्ये यासाठी ‘रोप’ म्हणजे दोर या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले. तीत तुकडे एकत्र न लिहिता कोणत्या तुकड्यापुढे कोणता, एवढेच झाडासारख्या आकृतीत नोंदवितात. जोडणी अत्यंत स्वस्त होते. मात्र विशिष्ट स्थानावरील वर्ण शोधण्यास झाड उतरत जावे लागते. जावाच्या मूळ संचात ही रचना नाही.

देवनागरी मजकूर : मराठी मजकूर जोडताना आणखी काही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. इंग्रजी मजकुरावर तपासलेल्या आज्ञावल्यांत त्यांचा विचार नसतो. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही एका वर्णाला एक बाइट देणारी संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारण्यात आली. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचा तिच्या प्रसारात मोठा वाटा होता. युनिकोड या जागतिक प्रणालीने देवनागरीला १२८ स्थाने दिली व त्यांची मांडणी १९८८ सालच्या इस्कीवरून घेतली. जावाने प्रारंभापासून युनिकोडचाच अवलंब केल्याने तीत मराठी मजकूर हाताळणे तत्त्वतः सोपे आहे. तथापि श्रीलिपीसारख्या जुन्या अक्षरमुद्रांच्या स्वतंत्र संकेतांत टंकलेला मजकूर आधी रूपांतर न करता युनिकोड मजकुराला जोडल्यास निम्मा भाग वाचनीय व निम्मा निरर्थक अशी खिचडी होते.

प्रारंभी जावात प्रत्येक वर्णाला, मग तो रोमन असो वा देवनागरी, दोन बाइट जागा दिली जाई. २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून ज्या स्ट्रिंगेतील सर्व वर्ण रोमन व त्यांच्या निकटवर्ती संचातील असतील, तिला वर्णामागे एकच बाइट देण्यात येतो. एकही वर्ण बाहेरचा असेल, तर संपूर्ण स्ट्रिंग दोन बाइटांची होते. याचा बिल्डरवर होणारा परिणाम मजेदार आहे. इंग्रजी विवरणाच्या ५ कोटी वर्णांत एका खातेदाराचे नाव देवनागरीत आले, की त्या क्षणी तोवरचा सर्व मजकूर दुप्पट रुंदीच्या जागेत हलविला जातो व पुढचाही त्याच रुंदीने लिहिला जातो; ५ कोटी बाइटांच्या जागी १० कोटी लागतात. मराठी मजकुराला या सुधारणेचा लाभ नाही. एवढेच नव्हे, तर एका स्ट्रिंगेत मावणाऱ्या देवनागरी वर्णांची कमाल संख्या पूर्वी सुमारे २१४ कोटी होती ती आता सुमारे १०७ कोटी झाली आहे. अर्थात या मर्यादेपर्यंत पोहोचणारी आज्ञावली मुळातच चुकीच्या वाटेवर असते.

फाइलीत साठविताना युटीएफ-८ ही पद्धती आज सर्वत्र रूढ आहे. तीत रोमन अक्षराला १, तर देवनागरी वर्णाला ३ बाइट लागतात. ‘हिंजवडी’ हा शब्द वाचताना चार अक्षरांचा वाटतो; संगणक मात्र ह, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, ज, व, ड व दीर्घ वेलांटी असे सात वर्ण मोजतो. ते जावाच्या स्मृतीत १४ व फाइलीत २१ बाइट व्यापतात. बिल्डरला आधी सांगावयाची जागा वर्णांत मोजतात, फाइलीचा आकार बाइटांत, व वाचकाची मोजणी अक्षरांत. ही तीन मापे एकमेकांत मिसळली, की अंदाज दीडपट ते तिप्पट चुकतात.

याहून गंभीर प्रकार तुकड्यांच्या सीमेवर घडतो. मोठी फाइल ८,१९२ बाइटांच्या खंडांनी वाचून प्रत्येक खंडाचा स्वतंत्रपणे मजकूर करावयाचा व ते मजकूर बिल्डरमध्ये जोडावयाचे, ही रीत इंग्रजीत निर्दोष चालते. सलग देवनागरी मजकुरात मात्र ८,१९२ बाइटांत २,७३० वर्ण पूर्ण बसून दोन बाइट उरतात. पुढील वर्णाचे दोन बाइट एका खंडात व तिसरा दुसऱ्यात जातो. दोन्ही खंड तो ओळखू शकत नाहीत व त्याच्या जागी काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्ह उमटते. दुसऱ्या सीमेवरही वर्ण दुभंगतो. तिसरी सीमा तेवढी २४,५७६ बाइटांवर, बरोबर वर्णाच्या अंती येते. प्रत्यक्ष मजकुरात मध्ये एक बाइटाची अंतरे व विरामचिन्हे असल्याने दोष नियमाने न येता कोठेही उद्‌भवतो व शोधण्यास अवघड जातो. एखाद्याच्या आडनावातील एक मात्रा नाहीशी झाली, तर जमिनीच्या वा बँकेच्या नोंदीत ती व्यक्ती निराळी ठरू शकते. म्हणून हा केवळ दिसण्याचा दोष समजू नये. उपाय असा, की बाइट जोडून झाल्यावर मग मजकूर करावा, अथवा अपुरे बाइट पुढील खंडासाठी राखून ठेवणारा ‘रीडर’ हा जावातील प्रकार वापरावा. संकेतप्रणालीचे नावही स्पष्ट सांगणे बरे. २०२२ मधील अठराव्या आवृत्तीपासून न सांगितल्यास युटीएफ-८ धरली जाते, परंतु त्यापूर्वी ती त्या त्या संगणकाच्या रचनेवर अवलंबून असे आणि जुन्या आवृत्त्या अजून अनेक ठिकाणी चालू आहेत.

जोडणी म्हणजे संधी नव्हे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ‘विद्या’ आणि ‘आलय’ हे तुकडे जोडले असता संगणक ‘विद्याआलय’ असेच देतो. याउलट पहिल्या तुकड्याच्या शेवटी पाय मोडलेले अक्षर असेल, तर न मागता जोडाक्षर होते : ‘विद्वत्’ व ‘सभा’ यांतून ‘विद्वत्सभा’ हा इष्ट शब्द मिळतो, पण ‘अर्थात्’ पुढे अंतर न ठेवता ‘नाव’ जोडले तर ‘अर्थात्नाव’ असा अर्थहीन शब्द पडद्यावर येतो. येथे वर्ण बदललेले नसतात. शेजार बदलल्यामुळे त्यांचे दृश्य रूप बदललेले असते.

युनिकोडमध्ये काही अक्षरे दोन प्रकारे लिहिता येतात. ‘दऱ्या’, ‘पुढाऱ्यांना’ इ. शब्दांतील ऱ हा एक स्वतंत्र वर्ण म्हणूनही लिहिता येतो व र आणि त्याखालील टिंब असे दोन वर्ण मिळूनही. दिसण्यात दोन्ही सारखे. तुलनेत मात्र संगणक त्यांना भिन्न मानतो, म्हणून शोध घेण्यापूर्वी मजकूर एका प्रमाण रूपात आणतात. २००६ मधील सहाव्या आवृत्तीपासून जावात त्यासाठी ‘नॉर्मलायझर’ आहे. दोन तुकडे प्रत्येकी प्रमाण रूपात असले, तरी त्यांची जोडणी प्रमाण रूपात असेलच असे नाही. पहिला र ने संपत असेल व दुसरा टिंबाने सुरू होत असेल, तर सीमेवर अप्रमाण जोडी तयार होते. त्यामुळे प्रमाणीकरण तुकड्यांवर नव्हे, तर जोडलेल्या मजकुरावर करावे लागते आणि मजकूर अखंड न ठेवता पुढे धाडावयाचा असेल, तर तो ओळीच्या किंवा शब्दाच्या शेवटीच तोडावा लागतो.